डाईकचा व्हॉल्व्ह कुणी बंद करायचा?

माझा धाकटा भाऊ राज्यातल्या एका इंधन डेपोत ऑपरेशन्समध्ये आहे. माझी पत्नी वकील. ती पर्यावरण कायद्याचं काम करते आणि इंधनसाठ्यांच्या ऑडिट पथकांबरोबर कायदेशीर बाजू पाहायला जाते. भावाच्या कंपनीचं काम ती घेत नाही, हे दोघांचं पूर्वीच ठरलेलं आहे. पण विषय एकच असल्यामुळे दोघं समोरासमोर आले की वाद रंगतो. पावसाळ्याच्या तोंडावर झालेला असाच एक वाद मी इथे मांडतो आहे; त्यात ‘भाऊजी’ म्हणजे माझा भाऊ आणि ‘वहिनी’ म्हणजे माझी पत्नी. डेपोच्या कुंपणाआड काय चालतं हे बाहेर राहणाऱ्यांना कधी कळत नाही, आणि तेल सुटलं की ते आधी त्यांच्याच विहिरीत, नाल्यात, खाडीत उतरतं. म्हणून हे घरातलं बोलणं घरात ठेवावंसं वाटलं नाही.

भाऊजी : वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या ऑडिटनं तेलाचा थेंबही थांबत नाही. तारीख लागली की आठवडाभर आधीपासून माझी दोन चांगली माणसं फायली लावत बसतात. टाक्यांच्या कॅलिब्रेशनचे दाखले, पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या, लायसन्सची प्रत, अर्थिंगच्या रीडिंगचं रजिस्टर, मॉक ड्रिलचे फोटो. तेवढे दिवस टाक्यांकडे बघायला माणूस कमी.

वहिनी : आणि फायली नसत्या तर ती दोघं टाकीपाशी उभी असती?

भाऊजी : एक तरी असता. तेलाचं काम अंगात मुरावं लागतं. पंपाचा आवाज जरा बदलला की जुना ऑपरेटर मान वर करतो. लाईनला हात लावून माल वाहतोय की थांबलाय ते सांगतो. हे कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

वहिनी : जयपूरला त्या संध्याकाळी नवशिके होते का, भाऊजी?

यावर तो थोडा गप्प झाला. त्याच्या धंद्यात जयपूर म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. वाचकांसाठी मात्र सांगायला हवं. २९ ऑक्टोबर २००९ ला सांगानेरच्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमधून शेजारच्याच भारत पेट्रोलियमच्या टर्मिनलला पाईपलाईननं पेट्रोल द्यायचं होतं. रोजचं काम. टाकीपाशी दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्या मध्ये ‘हॅमर ब्लाइंड’ नावाची एक पोलादी चकती. माल द्यायचा नसेल तेव्हा चकतीची बंद बाजू लाईनमध्ये आणि द्यायचा असेल तेव्हा उघडी बाजू. चकती फिरवताना वरचं तोंड थोडा वेळ मोकळं राहतं, म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह आधी बंद हवेत. त्या दिवशी तोंड मोकळं असताना टाकीकडचा मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह उघडा होता. पेट्रोलचा फवारा वर उडाला आणि जवळच्या माणसांना वाफेनं क्षणात निकामी केलं. पुढचा तासाभराहून अधिक वेळ ते पेट्रोल कुणालाही थांबवता आलं नाही. साधारण एक हजार टन माल सुटला. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वाफेच्या ढगानं पेट घेतला. अकरा माणसं गेली, त्यांत आवाराबाहेरचीही होती, आणि आग अकरा दिवस जळत राहिली.

भाऊजी : नवशिके नव्हते, तीच तर खंत आहे. पण वहिनी, मला सांगा, त्या टर्मिनलला लायसन्स नव्हतं का? ऑडिट झालं नव्हतं? चकती कधी फिरवायची, कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, हे लिहिलेलं होतंच की.

वहिनी : होतं. पण जयपूरची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीचा अहवाल पुन्हा काढून बघा. तो व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून बंद करायची सोय काही वर्षांपासून चालू स्थितीत नव्हती. म्हणजे फवारा सुटल्यावर व्हॉल्व्ह बंद करायचा तर माणसाला फवाऱ्यातच जावं लागणार. श्वासाचं उपकरण चढवून आत गेलेला माणूस कुणी नाही. आणि डाईकचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. तुमच्या अनुभवी माणसांना हे रोज दिसत होतं ना? अनुभवानं त्यांना त्याची सवय लावली. बंद पडलेली सोय बंदच असते, एवढं त्यांना ठाऊक झालं होतं. असली सवय ओळखायला परकी नजर लागते भाऊजी, आणि ती नजर म्हणजे ऑडिट.

डाईकबद्दल दोन शब्द. टाक्यांच्या भोवती जो मातीचा किंवा काँक्रीटचा बांध असतो तो डाईक. आपल्याकडच्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या (ओआयएसडी) मानकांनुसार त्याच्या आतल्या सर्वांत मोठ्या टाकीतला सगळा माल सांडला तरी तो बांधाच्या आत मावला पाहिजे, वर थोडी मोकळी उंचीही ठेवायची. बांध साधारण एक ते दोन मीटर उंच. टाकी फुटली, उतू गेली, जोड निसटला तरी तेल आवारात राहावं म्हणून हा शेवटचा अडसर. पण याच बांधात पावसाचं पाणीही साठतं, ते बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी बांधाच्या तळातून एक पाईप जातो. त्या पाईपवरचा व्हॉल्व्ह बांधाच्या बाहेर असतो आणि तो एरवी बंद ठेवायचा असतो. हा व्हॉल्व्ह उघडा असेल तर बांध आहे की नाही याला अर्थ उरत नाही. जयपूरचं पेट्रोल त्याच वाटेनं पावसाळी गटारात आणि पुढे आवारभर गेलं.

मी भावाला विचारलं, हा व्हॉल्व्ह उघडा राहतोच कसा? त्यानं टाळलं नाही.

भाऊजी : दादा, तू जुलैतली एक रात्रपाळी डोळ्यांसमोर आण. दिवसभर धो धो पाऊस. डाईकमध्ये पोटरीभर पाणी. पाणी वाढलं तर टाकीच्या पायाला धोका, रिकामी असेल तर टाकी तरंगायचीही भीती, म्हणून पाणी काढायलाच पाहिजे. नियम असा की ऑपरेटरनं आधी पाण्यावर तेलाची तकाकी आहे का बघायची. टॉर्चच्या उजेडात, पावसाचे थेंब पडत असताना, ते रंगीत पटल दिसतं का ते तूच सांग. मग व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी वाहेपर्यंत तिथं थांबायचं, बंद करायचा, कुलूप लावायचं, रजिस्टरात लिहायचं. एका डाईकला तास-दोन तास सहज जातात. असे डाईक किती? आणि त्याच माणसानं मध्येच रात्री आलेल्या मालाची डिप घ्यायची, म्हणजे टाकीतली पातळी मोजायची, पंप हाउसला चक्कर मारायची. मग तो काय करतो? व्हॉल्व्ह उघडतो आणि पुढच्या कामाला जातो. ‘येताना बंद करतो’ म्हणतो. येताना कधी दोन वाजतात, कधी सकाळ. रजिस्टरात मात्र दहाला उघडला, साडेअकराला बंद केला, असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं.

वहिनी : हे तुम्ही मान्य करताय ही मोठी गोष्ट आहे.

भाऊजी : मान्य काय करायचं? तुमच्या ऑडिटला त्या रजिस्टरात कधी खोट सापडली? नाही सापडणार. रजिस्टर निर्दोष आहे. म्हणून म्हणतो, नियम पाळल्याचा पुरावा आणि तेल आत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे वहिनीची बाजू कमकुवत झाली असं मला वाटलं, पण तिनं उलट भावाचाच मुद्दा उचलून पुढे नेला.

वहिनी : अगदी बरोबर. आता बन्सफील्डचं ऐका. इंग्लंडमध्ये हर्टफोर्डशायरला मोठा डेपो. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. टाकी क्रमांक ९१२ मध्ये पाईपलाईननं पेट्रोल येत होतं. तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज अडकला. कंट्रोल रूमच्या पडद्यावर पातळी स्थिर, टाकी मात्र भरतेच आहे. तो गेज त्याआधीच्या तीनेक महिन्यांत चौदा वेळा अडकला होता. दर वेळी मोकळा करायचा आणि पुढे चालू. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून उतू गेलं आणि सहा वाजता स्फोट झाला. रविवारची पहाट होती म्हणून माणसं वाचली, त्रेचाळीस जखमी झाले.

भाऊजी : गेज अडकला तरी वर हाय लेव्हल स्विच असतो ना? स्वतंत्र. तो पंप बंद करतो.

वहिनी : होता. नवा बसवला होता. त्या स्विचला चाचणीसाठी एक छोटी दांडी होती. चाचणी झाली की दांडी मधल्या जागी आणून तिथं कुलूप घालायचं. कुलूप नसेल तर दांडी खाली पडते आणि स्विच झोपतो. बसवणाऱ्यांना वाटलं कुलूप नुसतं कुणी छेडछाड करू नये म्हणून आहे. त्यांनी ते लावलंच नाही. स्विच आहे, कागदावर आहे, बसवल्याची नोंद आहे, आणि त्या पहाटे तो मेलेला आहे.

भाऊजी : बघा! एका कुलपापायी.

वहिनी : कुलपापायी नाही. कुलूप कशासाठी आहे हे बनवणाऱ्यानं बसवणाऱ्याला नीट सांगितलं नाही, आणि बसवणाऱ्यानं विचारलं नाही. तुमचा अनुभवही तिथं उपयोगी पडला नसता, कारण दांडी खाली आलेली दिसायला टाकीच्या माथ्यावर जावं लागतं. पुढे त्या खटल्यात डेपो चालवणाऱ्यांबरोबर स्विच बनवणारी आणि तो बसवणारी कंपनीही दोषी ठरली. आणि एक गोष्ट लोक विसरतात. तिथले बांधही गळले. भिंतींचे जोड आणि पाईप जातात त्या जागा आगीत टिकल्या नाहीत. तेल, फेस आणि आगीवर मारलेलं पाणी जमिनीत मुरलं आणि भूजलापर्यंत गेलं.

बन्सफील्डनंतर सुमारे चार वर्षांनी, जयपूरच्या फक्त सहा दिवस आधी, २३ ऑक्टोबर २००९ ला पोर्तो रिकोत बायामोनला पेट्रोलची टाकी अशीच उतू जाऊन स्फोट झाला. बन्सफील्डचे अहवाल तोवर जगभर उपलब्ध होते. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे : कारण माहीत असूनही तेच घडतं.

भाऊजी : जयपूरनंतर आपल्याकडे बदल झाले, तेही सांगा. लाल समितीच्या शंभरावर शिफारशी होत्या. हॅमर ब्लाइंड काढून दुहेरी बंद होणारे व्हॉल्व्ह बसवले. मोटरच्या व्हॉल्व्हला बांधाबाहेरून बंद करायचं बटण आलं. पेट्रोलची वाफ ओळखणारे डिटेक्टर आले. हे सगळं मी स्वतः बसताना बघितलंय आणि त्यामुळे मला रात्री झोप लागते. पण डाईकच्या व्हॉल्व्हला अजून हातच लावावा लागतो.

वहिनी : त्याला उघडा-बंद दाखवणारा सेन्सर बसवून सिग्नल कंट्रोल रूमला नेता येतो. मी तसे डेपो पाहिलेत.

भाऊजी : येतो. पण पावसाळ्यात तोच सिग्नल दिवसाला वीस वेळा वाजला की कंट्रोल रूममधला पोरगा आवाज बंद करून टाकतो.

या मुद्द्यावर दोघं बराच वेळ अडले. तो पूर्ण उतरवून घेण्यासारखा नाही. पण तेलाचा पूर एकदमच येतो असं नाही, हे भावानं मध्येच सांगितलं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. चेन्नईत टोंडियारपेटला २०१३ मध्ये लोकांच्या बोअरवेलच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. बंदराकडून डेपोकडे जाणारी जमिनीखालची जुनी पाईपलाईन गळत होती. धूर नाही, आवाज नाही, वर जमीन कोरडी. अशी गळती फक्त हिशेबात सापडते.

भाऊजी : रोजची तूट. आलेला माल, गेलेला माल आणि टाकीतली डिप, सगळं पंधरा अंश तापमानाच्या हिशेबाला आणून ताळा जमवायचा. पेट्रोल उडतं, उन्हानं फुगतं, म्हणून थोडी तूट चालते. हळू गळती त्या चालणाऱ्या तुटीत लपते. म्हणून एका दिवसाची तूट बघून काही कळत नाही. तीन महिन्यांची तूट एकाच दिशेनं जातेय का ते बघायचं. कधी वर, कधी खाली असेल तर हवामान. सारखी खालीच असेल तर खणायला घ्या.

वहिनी : हे ऑडिटमध्ये असायला हवं. मी आजवर तुटीची टक्केवारी मर्यादेत आहे एवढंच तपासलंय.

भाऊजी : मग आजचा चहा वसूल झाला.

वहिनी : थांबा, माझं संपलेलं नाही. डिसेंबर २०२३ ला मिचाँग चक्रीवादळात चेन्नईच्या उत्तरेला पूर आला. मनाली भागातल्या रिफायनरीच्या आवारातलं तेल पुराबरोबर बकिंगहॅम कालव्यातून कोसस्थलैयार नदीत आणि एन्नोरच्या खाडीत गेलं. मच्छीमारांनी स्वतः होड्या घेऊन, बादल्यांनी तेल उपसलं. जाळी गेली, होड्यांवर काळा थर बसला. आणि बचाव काय? पूर अभूतपूर्व होता. तुमच्याकडेही हेच ऐकू येतं, पाऊस फार होता.

भाऊजी : पाऊस खरंच फार असतो, वहिनी.

वहिनी : असतो. पण १९८५ ला दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे. दैवी आपत्ती, तिसऱ्याची चूक, काही चालणार नाही. हरित लवादाच्या कायद्यातही दोष नसला तरी भरपाई आहे. म्हणजे पाऊस पडणार हे धरूनच बांध, नाले आणि पाण्यातून तेल वेगळं करणारे सेपरेटर बांधायचे. मनालीच्या बाबतीत तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं रिफायनरीच्या पावसाळी पाण्याच्या व्यवस्थेतल्याच त्रुटींवर बोट ठेवलं होतं. पुन्हा तीच गोष्ट, पाणी आणि तेल एकाच गटारात.

भाऊजी : मग तुमचा कायदा इतका कडक असताना घडतं का?

वहिनी : कारण भरपाई नंतर मिळते आणि दंड हलका आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जनविश्वास कायद्यानं एप्रिल २०२४ पासून ती काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणला. वीस हजार लिटरच्या एका टँकरमधल्या पेट्रोलची किंमत त्याहून जास्त होते. आधीची कैदही फारशी कुणाला झाली नव्हती, हे मी मान्य करते. पण तुमच्या वरच्या साहेबांना रात्रपाळीला एक माणूस वाढवायचा की दंड भरायचा, असा हिशेब करू देणारा कायदा मला मंजूर नाही.

भाऊजी : एक माणूस. आता आलात मुद्द्यावर.

इथे मी माझं मत देऊन टाकतो, कारण या वादात मी नुसता श्रोता राहू शकलो नाही. नियम आणि माणूस यांतलं काय महत्त्वाचं, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा हा नियम बरोबरच आहे. पण तो पाळायला जो वेळ लागतो, तो वेळ ज्यानं नियम लिहिला त्यानं कुणाच्या पाळीत धरला आहे का, हे कोणी विचारत नाही. एका माणसाला एकाच तासात तीन ठिकाणी उभं राहायला सांगणारा डेपो कागदावर कितीही नेटका असला तरी नियमानं चाललेला नाही. आणि डाईकच्या रजिस्टरात खोटी वेळ लिहिणाऱ्या ऑपरेटरला निलंबित करून तो नियमात येणारही नाही.

वहिनी : मी पुढच्या पावसाळी ऑडिटपासून एक बदल करणार आहे. रजिस्टर आधी मागणार नाही. रात्री अकराला, न सांगता, पावसात डाईकपाशी जाणार आणि व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावून बघणार. मग रजिस्टर.

भाऊजी : करा. पण उघडा सापडला तर त्या पोराचं नाव लिहू नका.

वहिनी : मग काय लिहू?

भाऊजी : त्या रात्री त्याच्याकडे आणखी कुठली कामं होती ते लिहा. डिप किती, पंप हाउसच्या फेऱ्या किती, टँकर किती भरले, सगळं घड्याळासकट. आणि मग खाली मागणी लिहा. ‘मनुष्यबळ अपुरे आहे’ असलं मोघम नको, ते वाक्य दर अहवालात असतं आणि दर वेळी बाजूला पडतं. लिहा, जून ते सप्टेंबर, रात्रपाळी, एक जादा ऑपरेटर, त्याच्याकडे डाईक, पावसाळी नाले आणि सेपरेटर एवढंच काम. कुलपाची किल्ली त्याच्याकडे. आणि पंप थांबवायचा अधिकारही त्याच्याकडे, कुणाला न विचारता.

वहिनी : शेवटचं कंपनी मान्य करेल?

भाऊजी : किल्ली देतील. पंप थांबवायचं मात्र लिहून घ्या, सहीसकट.